पुणे ते ताडोबा बाय रोड: निघोज, लोणार आणि वाघ, पोराबाळांसकट आठ दिवसांचा प्लॅन

पुण्याहून ताडोबा म्हटलं की लोक सरळ नागपूरचं तिकीट काढतात, तिथून टॅक्सी, दोन सफारी अन् परत. त्यात वाईट काही नाही, पण घरची गाडी असेल, मुलं पाच-सहा वर्षांच्या पुढची असतील आणि आठवडाभर सुट्टी मिळत असेल तर रस्त्याने जा. मधे निघोजचे रांजणखळगे आहेत, लोणारचं सरोवर आहे, आणि समृद्धी महामार्ग झाल्यापासून विदर्भ आधीइतका लांब राहिलेला नाही. खाली सगळं क्रमाने लिहितोय, फक्त सुरुवात शेवटाकडून करतोय कारण ही ट्रिप प्लॅनच उलटी करायची असते.

आधी सफारी, मग बाकी सगळं

बहुतेक घरांत होतं असं की आधी रजा टाकली जाते, मग हॉटेलं बुक होतात, आणि मग कोणीतरी ताडोबाची साईट उघडतं तर सगळे स्लॉट लाल. म्हणून पहिलं काम सफारी. काही महिने आधीच वनखात्याच्या अधिकृत साईटवर जाऊन बुकिंग करा, एजंटकडून केलंत तरी गेटचं नाव आणि स्लॉट स्वतः डोळ्याने तपासा. लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा: कोअर एरिया (जंगलाचा आतला, जास्त राखलेला भाग) दर मंगळवारी बंद असतो, आणि पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो (बफरमधली, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यातली, काही गेटं तेव्हाही चालू असतात, पण पावसातली सफारी लहान मुलांबरोबर पहिल्यांदा करू नये असं माझं मत). शनिवार-रविवारचे दर जास्त आणि गर्दीही जास्त, त्यामुळे आपण आठवड्याच्या मधले वार पकडायचे.

आता गेट. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प एकूण सतराशे चौरस किलोमीटरच्या वर आहे, त्यातला साधारण ६२५ कोअर, बाकी बफर. कोअरला मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी अशी गेटं आहेत. नवीन माणसाचा ठरलेला घोटाळा म्हणजे रिसॉर्ट मोहर्लीला आणि सफारी कोलाऱ्याची. नकाशात जवळ दिसतं पण मधे जंगल आहे, आपल्या गाडीने बाहेरून वळसा घालून जायला दोन-अडीच तास लागतात आणि सकाळच्या सफारीला तर पहाटे अंधारात गेटवर उभं राहायचं असतं. त्यामुळे गेट ठरवा, मग त्याच गेटपासून दहा-पंधरा मिनिटांवर राहायची सोय बघा. घरच्यांबरोबर पहिली वेळ असेल तर मी मोहर्लीच सांगेन. चंद्रपूर तिथून तीसेक किलोमीटर, म्हणजे दवाखाना, मेडिकल, एटीएम सगळं आवाक्यात. फोटोग्राफरांची मतं वेगळी असतात, त्यांना ताप आलेलं पोर सांभाळायचं नसतं.

किती सफारी घ्यायच्या? तीन. एक बफर, दोन कोअर. एकच घेतली आणि काही दिसलं नाही तर सगळ्यांची तोंडं पडतात, आणि चार-पाच घेतल्या तर मुलं तिसरीलाच जिप्सीत (सफारीच्या उघड्या जीपमध्ये) झोपतात. पहिली बफरची घ्या (आगरझरी किंवा जुनोना मोहर्लीकडून सोयीचं), म्हणजे मुलांना जिप्सी, धूळ, शांत बसणं ह्याची सवय होते. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, वर गाईड आणि ड्रायव्हर. बुकिंगमध्ये जे ओळखपत्र टाकलं तेच मूळ कार्ड गेटवर दाखवावं लागतं, झेरॉक्सवर वाद घालण्यात सकाळ जाते, तेव्हा आजी-आजोबांची आणि मुलांची आधार कार्डं एका पाऊचमध्ये घालून ते पाऊच एकाच माणसाकडे द्या.

कधी जायचं

एप्रिल-मे मध्ये वाघ पाणवठ्यावर हमखास येतो असं सगळे सांगतात, खरंही आहे, पण चंद्रपूरचा मे म्हणजे पंचेचाळीस डिग्री. उघड्या जिप्सीत दुपारी दोन वाजता आजीला आणि सात वर्षांच्या मुलीला बसवायचं का हा विचार तुम्ही करा. दिवाळीच्या सुट्टीत जंगल हिरवंगार असतं, गवत कमरेएवढं आणि पाणी सगळीकडे, म्हणजे प्राणी कुठेही पाणी पितात, दिसणं अवघड. डिसेंबरचा शेवटचा आठवडा गर्दीमुळे बाद. उरतो जानेवारीचा दुसरा भाग आणि फेब्रुवारी. गवत वाळलेलं, सकाळी कडाक्याची थंडी पण दुपार सुसह्य, निघोजला नदीचं पाणी उतरलेलं, लोणारला उतरून चढणं जमेल असं ऊन. शाळेला पाच दिवस दांडी पडते, ती पडू द्या.

वारांचं गणित

रविवारी पहाटे निघा. रविवार निघोज करून संभाजीनगर मुक्काम, सोमवार लोणार, मंगळवारी सकाळी लोणारमध्ये उतरून दुपारनंतर वर्धा, बुधवारी मोहर्ली आणि दुपारची बफर सफारी, गुरुवारी सकाळी कोअर, शुक्रवारी सकाळी दुसरी कोअर आणि दुपारी नागपूर, शनिवार परत संभाजीनगर, रविवारी घर. बघा, मंगळवारची सुट्टी बरोबर प्रवासात गेली. एखादा दिवस इकडेतिकडे केलात तर आधी मंगळवार तपासा. वेरूळची लेणीही मंगळवारी बंद आणि अजिंठा सोमवारी बंद, त्यामुळे ती करायची असतील तर परतीच्या रविवारी सकाळी वेरूळ बसतं, जाताना नको.

गाडी

टायर. बाकी सर्व्हिसिंग कोणीही करून घेतं, टायरकडे कोणी बघत नाही. समृद्धीवर ताशी १२० ची परवानगी आहे आणि तिथे तासन् तास एकाच वेगात गाडी धावते, टायर तापतो, आणि आधीच जुना असेल तर फुटतो. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ३५२१ म्हणजे २०२१ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. पाच-सहा वर्षं उलटलेला टायर वरून कितीही चांगला दिसला तरी ह्या प्रवासाला नको. हवा सकाळी गाडी थंड असताना भरा आणि गाडी पूर्ण भरलेली असताना किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या स्टिकरवर असतं, तो आकडा बघा, पंपवाल्याला अंदाजे "तेहतीस टाक" म्हणू नका. स्टेपनीची हवा पण.

बाकी: फास्टॅगमध्ये पुरेसे पैसे (समृद्धीला जितके किलोमीटर तितका टोल, कारला साधारण दोन रुपये किमी धरा), पुढची काच धुवायचं पाणी, सनशेड, उलटीच्या पिशव्या हाताशी, डिकीत नाही. मागे बसणाऱ्यांनीही बेल्ट लावायचा, आजोबा कुरकुरतील, लावायचाच.

दिवस पहिला: निघोज

पुण्यातून साडेपाचला बाहेर पडा. वाघोली ते शिक्रापूर हा पट्टा आठ वाजता सापडला तर अख्ख्या दिवसाची वाट लागते. शिरूरला चहा-मिसळ करून तिथून आत वळायचं, साधारण पंचवीस किलोमीटरवर कुकडी नदीचं पात्र येतं. एका काठाला पारनेर तालुक्यातलं निघोज, दुसऱ्या काठाला शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी, दोन्हीकडे मळगंगा देवीचं देऊळ. गावातले लोक ह्याला कुंड म्हणतात, रांजणखळगे विचारलंत तरी कळतं.

काळ्या कातळात नदीने अक्षरशः रांजण कोरलेत. पुराच्या पाण्यात भोवरे होतात, भोवऱ्यात दगडगोटे अडकून गरगर फिरतात आणि हजारो वर्षं तळ आणि बाजू घासत राहतात, त्यातून हे खळगे. वाकून बघितलं तर काही खळग्यांच्या तळाशी ते गोटे अजून पडलेले दिसतात, मुलांना ते दाखवा, मग समजावून सांगावं लागत नाही.

पण हात धरून. हे मी गंभीरपणे सांगतोय, ह्या ट्रिपमध्ये वाघापेक्षा धोकादायक जागा हीच आहे. कडा घासून गुळगुळीत झालेल्या आहेत, ओलसर ठिकाणी शेवाळ असतं आणि मधल्या घळीत पाणी खोल आहे. सेल्फीसाठी टोकावर जायचं नाही, पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, चपला नकोत, ग्रिपवाले बूट हवेत. पावसाळ्यात किंवा धरणातून पाणी सोडलेलं असताना खळगे बुडलेले असतात, तेव्हा तिथे जाऊन काही दिसत नाही आणि धोका मात्र दुप्पट. तास-दीड तास पुरतो. मग नगरवरून (आता अहिल्यानगर) संभाजीनगर, उजेडात पोचता येतं.

मधे पैठणला नाथसागर आहे, हिवाळ्यात बाहेरून पक्षी येतात, कधीकधी रोहित (फ्लेमिंगो) पण असतात. घरात कोणी पक्षीवेडं असेल तर वाकडी वाट करा, नाहीतर पहिल्याच दिवशी मुलांना गाडीत जास्त कोंबू नका.

दिवस दुसरा आणि तिसऱ्याची सकाळ: लोणार

संभाजीनगर ते लोणार दीडशेच्या आतबाहेर किलोमीटर आहे. समृद्धीने मेहकरला उतरून पंचवीसेक किलोमीटर मागे येता येतं, किंवा जालन्यावरून सिंदखेडराजा करत साध्या रस्त्याने. मी दुसरा सुचवेन, जिजाऊंचं जन्मस्थळ वाटेतच आहे आणि लखुजीराव जाधवांचा वाडा बघायला तास पुरतो.

लोणारला दुपारी पोचा, जेवा, उन्हं कलली की सरोवराच्या काठावर जा. त्या दिवशी फक्त वरून बघायचं. पावणेदोन-एक किलोमीटर व्यासाचं, जवळपास गोल, दीडशे मीटरच्या आसपास खोल असं विवर आणि तळाशी हिरवट पाणी, सगळ्या बाजूंनी झाडी. अशनी म्हणजे उल्का पडून झालेलं हे विवर आहे, आणि बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळात, इतकं नीट टिकलेलं उल्काविवर जगात फार दुर्मिळ. वयाबद्दल दोन आकडे वाचायला मिळतात, बावन्न हजार वर्षं आणि पावणेसहा लाख वर्षं. पहिला जुन्या पद्धतीने काढलेला, दुसरा नंतरच्या आरगॉन पद्धतीने, त्यामुळे मुलांनी दोन वेगळ्या बोर्डांवर दोन आकडे वाचले तर गोंधळू नका. तो कातळ स्वतः मात्र साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. काल निघोजला ह्याच दगडाला पाण्याने हळूहळू कोरलं आणि इथे एका दगडाने क्षणात भोक पाडलं, ही दोन्ही ठिकाणं लागोपाठच्या दिवशी ठेवण्याचं कारण हेच.

संध्याकाळी गावातलं दैत्यसूदन मंदिर बघा, उजेड असतानाच, कारण छतावरचं कोरीवकाम बघायला मान वर करून उभं राहायचंय. लवणासुराला विष्णूने मारल्याची कथा आजीकडून ऐकवा, ती त्याच गावची आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा-साडेसहाला उतरायला लागा. हे वन्यजीव अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही (म्हणजे जगभरात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा), त्यामुळे उतरायची वाट कुठली चालू आहे ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा आणि स्थानिक गाईड घ्या, दिलेल्या पैशापेक्षा जास्त दाखवतो. खाली मोर भरपूर, वानरं त्याहून भरपूर (हातात खाऊची पिशवी ठेवू नका), आणि काठाशी जुनी पडकी देवळं, कमळजा देवीचं ठाण. पाण्याची पातळी वर्षागणिक कमीजास्त होते म्हणून काठाची वाट कधी सापडते कधी नाही. चिखलात पाय घालू नका, वरून कोरडा दिसतो आणि आत घोट्यापर्यंत जातो.

मुलांसाठी एक उद्योग घरून तयार करून न्या. हळद पाण्यात कालवून साध्या पांढऱ्या कागदावर फासा, वाळवा, पट्ट्या कापा. लोणारचं पाणी खारट तर आहेच पण चांगलंच अल्कधर्मी आहे, बाटलीच्या झाकणात थोडं पाणी घेऊन पट्टी बुडवली की पिवळ्याची लालसर तपकिरी होते. आपल्या पिण्याच्या पाण्यात दुसरी पट्टी बुडवून शेजारी ठेवा. २०२० च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झालं होतं, खारटपणा वाढून त्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगामुळे, तेव्हाचे फोटो फोनमध्ये आधीच घेऊन ठेवा म्हणजे तिथे उभं राहून दाखवता येतात. दगड गोळा करून आणायचे नाहीत, पट्ट्या परत खिशात.

गुडघे दुखणाऱ्यांना खाली नेऊ नका. उतरताना काही वाटत नाही, चढताना मधेच बसायची वेळ येते आणि सावलीची जागा मिळेपर्यंत ऊन चढतं. आजी-आजोबा वरच्या काठावर, थर्मास आणि दुर्बीण घेऊन. त्यांचीच सकाळ बहुतेक जास्त छान जाते.

समृद्धी

अकराच्या सुमाराला आंघोळी-जेवणं उरकून मेहकरला समृद्धीवर चढा आणि वर्ध्याला उतरा. साधारण सव्वादोनशे किलोमीटर, अडीच-तीन तास. नागपूरला जायची गरज नाही, बरेच जण उगीच नागपूर गाठून परत खाली येतात. टाकी आधीच भरा, पंप आहेत पण आपल्याला हवा तेव्हा येईलच असं नाही. खरा शत्रू झोप. रस्ता सरळ, वळण नाही, सिग्नल नाही, जेवण झालेलं, डोळे उघडे असतात पण डोकं बंद पडतं. तासाभराने ठरलेल्या थांब्यावर थांबून पाय मोकळे करा, ड्रायव्हर दोन असतील तर बदला, आणि शंभरवर गाडी ठेवली म्हणून कोणी बक्षीस काढून घेत नाही. कडेला कुठेही गाडी उभी करणं हा प्रकार करूच नका.

वाटेत कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्यातून हा रस्ता जातो. प्राण्यांना ये-जा करता यावी म्हणून समृद्धीवर खास भुयारी वाटा आणि वरून जाणारे पूल बांधलेत, मागच्या सीटवरच्यांना ते मोजायचं काम द्या, अर्धा तास शांतता मिळते.

वर्ध्याला मुक्काम, वेळ असेल तर संध्याकाळी सेवाग्राम.

दिवस चौथा ते सहावा: मोहर्ली

वर्धा, हिंगणघाट, वरोरा, चंद्रपूर, असा रस्ता. वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन लागतं, थांबायचं असेल तर लवकर निघा. ह्या भागात येईपर्यंत काळा कातळ मागे पडलेला असतो, कोळशाच्या खाणी आणि ट्रक सुरू होतात, त्या ट्रकांमुळे वेळ लागतो हे धरून चाला. चंद्रपुरात फळं, पाणी, औषधं घ्या. चंद्रपूर ते मोहर्ली रस्ता जंगलातून जातो आणि तिथे वाघ खरोखर रस्ता ओलांडतो. अंधार पडायच्या आत पोचायचं, गाडीतून उतरायचं नाही, अगदी मुलाला शू आली तरी.

सफारीची तयारी. फेब्रुवारीत पहाटे जिप्सी सुटली की वारं हाडात शिरतं, म्हणून कानटोपी, जाकीट, हातमोजे आणि एक जादा ब्लँकेट. नऊ वाजता तेच सगळं काढून ठेवायला पिशवी. मातकट किंवा हिरवे कपडे, परफ्यूम नाही, धुळीसाठी रुमाल. मोबाईल आत नेता येत नाही, म्हणून फोटो हवे असतील तर साधा कॅमेरा न्या, नसेल तर उत्तमच, सगळे जण डोळ्याने बघतात. दुर्बीण ८×४२ ची एक तरी पाहिजे, नाहीतर दोन भावंडांत भांडण होतं, जमलं तर दोन. निघायच्या अर्धा तास आधी सगळ्यांनी बाथरूम, कारण आत फक्त ठराविक ठिकाणीच उतरता येतं. उपाशीपोटी नेऊ नका, दोन बिस्किटं तरी.

आता महत्त्वाचं: मुलांना "वाघ बघायला जायचंय" असं सांगू नका. जंगल बघायला जायचंय म्हणा. घरी बसून एक यादी करा, चितळ, सांबर, नीलगाय, गवा, रानडुक्कर, भेकर, चौशिंगा, अस्वल, रानकुत्रे, मगर, मोर, नीलकंठ, सर्पगरुड, आणि प्रत्येकाला खूण करायला पेन्सिल. वाघ यादीत सगळ्यात शेवटी. ताडोबा तलावात मगरी आहेत, रानकुत्र्यांची टोळी दिसली तर ती वाघाच्या तोडीची गोष्ट आहे, इकडचे लोक त्यांना कोळसून म्हणतात. पांढऱ्याफटक खोडाचं कढईचं झाड मुलांना हमखास आवडतं, त्याला भुताचं झाड म्हणतात. मोहर्लीकडून तलावाकडे जाताना रस्त्याकडेला जुने दगडी खांब दिसतात, गोंड राजांच्या काळातले. तलावाशी तारूचं ठाण आहे, वाघाशी लढताना मेलेला गोंड माणूस, आता देव, आणि ताडोबा हे नाव त्याच्यावरूनच आलंय असं सांगतात.

गाईडशी पहिल्या पाच मिनिटांत बोलून घ्या. "वाघ नाही दिसला तरी चालेल, आम्हाला जंगल दाखवा" एवढं म्हटलंत की त्याच्या डोक्यावरचा ताण जातो, नाहीतर तो बिचारा एका कॉलवरून दुसऱ्या कॉलकडे गाडी पळवत राहतो. कॉल म्हणजे धोक्याचा इशारा. वानर झाडावरून खोकल्यासारखं ओरडतं, चितळ शिट्टीसारखं, सांबर भोंग्यासारखं. चितळ कशालाही घाबरतं, सांबर उगाच ओरडत नाही, सांबराचा कॉल आला की ड्रायव्हरने इंजिन बंद केलं पाहिजे. तेव्हा मुलांनी गप्प बसायचं, हा एकच नियम कडक ठेवा. आणि वाघ दिसलाच, तर उभं राहायचं नाही, ओरडायचं नाही, ड्रायव्हरला "अजून जवळ घे" म्हणायचं नाही. तो लाच देऊन जवळ जाणारा काका तुम्ही होऊ नका.

गुरुवारी दुपार रिकामी ठेवलीय ती मुद्दाम. झोपा, नाहीतर आगरझरीचं फुलपाखरू उद्यान बघा. जेवायला गावातल्या होमस्टेत झुणका-भाकरी सांगा, तिखट कमी असं दोनदा सांगा, विदर्भात कमी तिखट म्हणजे काय ह्याची कल्पना वेगळी आहे. सावजी वगैरे मोठ्यांनी नागपूरला, मुलांना तर्री न घालता पोहे.

परत

शुक्रवारी सकाळची सफारी संपली की जेवून नागपूर, तीन-साडेतीन तास. त्याच दिवशी समृद्धीवर चढायचा मोह होतो, पहाटे चारला उठलेल्या माणसाने तो करू नये. शनिवारी सकाळी आठला नागपूर सोडलं की दुपारी तीनच्या आसपास संभाजीनगर. रविवारी वेरूळ करायचं असेल तर गर्दीच्या आधी आठला लेण्यांवर पोचा आणि अकराला निघा, म्हणजे शिक्रापूरची रविवार संध्याकाळची रांग लागायच्या आत वाघोली पार होते. घरी आल्यावर गाडीचा एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर काढून झटका, अख्खा चंद्रपूर जिल्हा त्यातून निघतो.